लहान व्यवसायांतील कर्मचाऱ्यांकडून होणारी चोरी

लहान व्यवसायांतील कर्मचाऱ्यांकडून होणारी चोरी म्हणजे दुकान, पेढी, गोदाम, कारखाना किंवा तत्सम लहान आस्थापनेत काम करणाऱ्या व्यक्तीने मालकाची रोकड, माल अथवा अन्य मालमत्ता त्याच्या संमतीविना अप्रामाणिकपणे काढून घेणे किंवा स्वतःच्या उपयोगासाठी वळवणे. व्यवहारात अशा कृत्यांना 'चोरी', 'अपहार' आणि 'अफरातफर' असे शब्द सरसकट वापरले जातात; कायद्यात मात्र चोरी, अपहार आणि न्यासभंग हे वेगवेगळे अपराध आहेत.

मोठ्या आस्थापनेत तक्रार करणारा, चौकशी करणारा आणि निर्णय देणारा अधिकारी वेगवेगळा असतो. लहान व्यवसायात या तिन्ही भूमिका बहुधा एकाच मालकाकडे असतात. त्यामुळे नुकसान खरोखर झाले आहे का, ते कोणी केले आणि त्यावर कोणती कारवाई योग्य, हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते. भारतीय कायद्याने चोरी करणाऱ्या नोकराला शिक्षा सांगितली आहे, तशीच संशयावरून नोकराला डांबणाऱ्या किंवा मारहाण करणाऱ्या मालकालाही सांगितली आहे.

स्वरूप

या प्रकारच्या चोरीचे स्वरूप व्यवसायानुसार बदलते. किराणा व कापड दुकानांत बिल न फाडता रोख रक्कम ठेवून घेणे, ओळखीच्या ग्राहकाला कमी पैशांत जास्त माल देणे, ग्राहकाने परत न केलेला माल परत आल्याचे दाखवणे आणि उधारीची वसुली वहीत न नोंदवणे हे नेहमीचे प्रकार होत. गोदामांत मालाची आवक कमी दाखवणे किंवा 'खराब माल' म्हणून चांगला माल बाहेर काढणे असे प्रकार घडतात. डिजिटल देयके रूढ झाल्यावर दुकानाच्या क्यूआर कोडऐवजी स्वतःच्या खात्याचा कोड ग्राहकापुढे ठेवण्याचा प्रकारही त्यांत आला.

विदर्भातील यवतमाळ जिल्हा कापूस उत्पादनासाठी ओळखला जातो. कापूस खरेदी केंद्रे, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, कृषी सेवा केंद्रे, अडत दुकाने आणि किराणा-कापडाची दुकाने हे येथील लहान-मध्यम व्यवसायांचे ठळक प्रकार आहेत. कापसाच्या हंगामात तात्पुरते मजूर, काटेवाले आणि कारकून कामावर घेतले जातात. अनेक ठिकाणी नेमणूक तोंडी असते. शेतीत गुढीपाडव्यापासून पुढील पाडव्यापर्यंत ठरलेल्या मोबदल्यावर सालगडी ठेवण्याची प्रथा आहे. लेखी करार, कामाची वाटणी आणि मालाच्या ताब्याची नोंद नसल्यास नेमका कोणता माल कोणाच्या जबाबदारीत होता, हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

इतिहास

सेवकाकडून होणाऱ्या अपहाराची चर्चा भारतात प्राचीन काळापासून आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. अपहाराची माहिती देणाऱ्याने ती सिद्ध केल्यास त्याला रकमेचा सहावा हिस्सा, आणि तो स्वतः सेवक असल्यास बारावा हिस्सा द्यावा, अशी तरतूद तेथे आहे. माहिती सिद्ध न झाल्यास माहिती देणाऱ्यालाही दंड सांगितलेला आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कारकून किंवा नोकराने केलेल्या चोरीसाठी स्वतंत्र कलम (३८१) ठेवले आणि त्यासाठी साध्या चोरीपेक्षा अधिक शिक्षा ठरवली. नोकराला मालमत्तेपर्यंत सहज पोहोचता येते आणि मालकाला त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो, ही वस्तुस्थिती या भेदामागे आहे.

विदर्भाशी संबंधित एक महत्त्वाचा निवाडा करविषयक आहे. बद्रीदास डागा यांच्या मालकीच्या सावकारी पेढीच्या मुंबईतील मुखत्याराने पेढीच्या बँक खात्यातून रकमा काढून आपली खासगी देणी भागवली. वसूल न झालेली सुमारे दोन लाख रुपयांची रक्कम पेढीने बुडीत म्हणून लिहून टाकली. तत्कालीन नागपूर उच्च न्यायालयाच्या निर्णयावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये असे ठरवले की, व्यवसाय चालवण्यासाठी नोकर नेमावे लागतात व त्यांना अधिकार द्यावे लागतात. म्हणून त्या अधिकाराच्या गैरवापरातून झालेले नुकसान व्यवसायाला अनुषंगिक असून करपात्र नफ्यातून वजा करता येते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९६५ च्या परिपत्रकात हे नुकसान ज्या वर्षी उघडकीस येते त्या वर्षी वजावटीस पात्र असल्याचे स्पष्ट केले.

कारणमीमांसा

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासघाताच्या गुन्ह्यांत तुरुंगवास भोगणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून पुढे 'अपहार त्रिकोण' ही संकल्पना रूढ झाली. तिच्यानुसार अशा गुन्ह्यामागे तीन घटक एकत्र येतात: कोणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, ती गुपचूप सोडवण्याची संधी आणि आपल्या कृत्याचे स्वतःशी केलेले समर्थन. 'पगार थकला आहे', 'पुढच्या महिन्यात परत ठेवू', 'मालकाला काही फरक पडत नाही' ही समर्थने नेहमी आढळतात. १९८३ मध्ये जॉन क्लार्क आणि रिचर्ड हॉलिंजर यांनी केलेल्या अभ्यासात कामाविषयीचे असमाधान आणि कर्मचाऱ्यांकडून होणारी चोरी यांच्यातील संबंध दाखवण्यात आला.

या तीन घटकांपैकी संधी हा घटक मालकाच्या हातात सर्वाधिक असतो. रोकड स्वीकारणे, नोंद करणे आणि दिवसअखेर मोजणी करणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असल्यास चूक आणि चोरी दोन्ही दीर्घकाळ लपून राहू शकतात.

तूट आणि चोरी यांतील फरक

गल्ल्यात किंवा मालसाठ्यात तूट आढळणे हा चोरीचा पुरावा नव्हे. तुटीची अन्य कारणे वगळल्यानंतरच चोरीचा विचार करता येतो. मोजणीतील वा बेरजेतील चूक, पुरवठादाराकडून कमी आलेला माल, न नोंदवलेली उधारी, मुदत संपलेल्या मालाची विल्हेवाट, उंदरांकडून झालेली नासाडी, वजनकाट्यातील दोष आणि मालकाच्या कुटुंबीयांनी गल्ल्यातून नोंद न करता घेतलेली रक्कम ही त्यांतील काही कारणे होत.

कापसाच्या व्यवसायात नैसर्गिक घट विशेष महत्त्वाची ठरते. कापसातील ओलावा वाळल्यामुळे वजन कमी होते. १२ टक्के ओलावा असलेला १०० क्विंटल कापूस घेतल्यास त्यात ८८ क्विंटल कोरडा भाग असतो. तोच कापूस वाळून ओलावा ८ टक्क्यांवर आल्यास एकूण वजन सुमारे ९५.६५ क्विंटल भरते. म्हणजे एक किलोही चोरीला न जाता सुमारे ४.३५ क्विंटलची तूट दिसते. खरेदीच्या वेळचा ओलावा नोंदवलेला नसेल, तर ही तूट काटेवाल्याच्या किंवा चौकीदाराच्या माथी मारली जाण्याचा धोका असतो. सरकी वेगळी केल्यावर मिळणाऱ्या रुईचे प्रमाणही वाण आणि प्रतीनुसार बदलते.

कृषी सेवा केंद्रांत अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर नोंदवली जाते. गर्दीच्या वेळी माल आधी देऊन नोंद नंतर केल्यास यंत्रातील साठा आणि गोदामातील साठा जुळत नाही. अशा तफावतीचा जाब परवानाधारकाला खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली द्यावा लागू शकतो. त्यामुळे तफावत आढळताच कर्मचाऱ्यावर दोष ढकलण्याकडे कल होऊ शकतो. प्रत्यक्षात पावत्या, यंत्रातील नोंदी आणि गोण्यांची मोजणी तारखेनुसार पडताळल्यावर बहुतेक वेळा तफावत नेमकी कोणत्या दिवसाची आहे, ते कळते.

संशयाची पडताळणी

पडताळणीचा पहिला टप्पा कागदोपत्री असतो. रोजमेळ, खतावणी, बिलपुस्तके, बँकेचे उतारे, आवक-जावक नोंदी आणि हजेरीपट एकमेकांशी ताडून पाहिले जातात. तूट विशिष्ट दिवशी, विशिष्ट पाळीत किंवा विशिष्ट मालातच पडते का, हे पाहिले जाते. एखादा कर्मचारी रजेवर असताना तूट थांबल्याचे दिसणे ही सूचक बाब असते. मात्र त्याच काळात अन्य कोण अनुपस्थित होते आणि विक्री किती होती, हेही तपासावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात पूर्वसूचना न देता साठामोजणी व रोकडमोजणी केली जाते. मोजणीच्या वेळी संबंधित कर्मचारी आणि शक्यतो एक तटस्थ व्यक्ती उपस्थित असणे, तसेच मोजणीपत्रकावर सर्वांच्या सह्या असणे, पुढील वाद टाळण्यास उपयुक्त ठरते. सीसीटीव्हीचे चित्रण साठवण क्षमता संपली की आपोआप पुसले जाते. म्हणून संबंधित कालावधीचे चित्रण लगेच जतन करावे लागते. प्रमाणित अपहार परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघडकीस आली. तथापि, सहकाऱ्यांमधील हेवेदावे लक्षात घेता केवळ माहितीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

ग्रामीण भागात संशयितांना देवापुढे शपथ घ्यायला लावणे किंवा बेलभंडारा उचलायला सांगणे असे प्रकार घडतात. अशा शपथेला किंवा ती नाकारण्याला चोरीचा पुरावा म्हणून मूल्य नाही. संमतीविना असत्यशोधक चाचणी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

फौजदारी कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली. तिच्यातील पुढील कलमे या विषयाशी संबंधित आहेत.

कलम ३०३ – चोरीची व्याख्या व शिक्षा. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, द्रव्यदंड किंवा दोन्ही. मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असून आरोपी प्रथमच दोषी ठरल्यास आणि त्याने माल वा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा.

कलम ३०६ – कारकून किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातील मालमत्तेची केलेली चोरी. सात वर्षांपर्यंत कारावास व द्रव्यदंड.

कलम ३१४ – मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार. किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावास आणि द्रव्यदंड.

कलम ३१६(४) – कारकून किंवा नोकराने केलेला फौजदारीपात्र न्यासभंग. सात वर्षांपर्यंत कारावास व द्रव्यदंड.

कलम ३४४ – कारकून, अधिकारी किंवा नोकराने फसवणुकीच्या उद्देशाने हिशेबात केलेली खोटी नोंद. सात वर्षांपर्यंत कारावास, द्रव्यदंड किंवा दोन्ही.

चोरी आणि न्यासभंग यांतील भेद ताब्यावर अवलंबून असतो. मालकाच्या गल्ल्यातून रक्कम उचलणे ही चोरी होय. वसुलीसाठी किंवा बँकेत भरण्यासाठी विश्वासाने सोपवलेली रक्कम स्वतःकडे ठेवणे हा न्यासभंग होय.

नोकराने केलेली चोरी आणि न्यासभंग हे दखलपात्र अपराध आहेत. माहितीवरून दखलपात्र अपराध उघड होत असल्यास पोलिसांनी प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवले. मात्र व्यापारी स्वरूपाच्या प्रकरणांत मर्यादित प्राथमिक चौकशीला वाव ठेवला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते; तिच्यावर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

तक्रार नोंदवली म्हणजे अटक होतेच असे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अपराधांत अटकेची आवश्यकता कारणांसह नोंदवावी लागते. अन्यथा आरोपीला हजर राहण्याची नोटीस दिली जाते. कलम ३०६ आणि ३१६(४) खालील अपराध न्यायालयाच्या परवानगीने मालकाला आपसात मिटवता येतात.

मालकाच्या अधिकारांच्या मर्यादा

आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र अपराध करणाऱ्याला खासगी व्यक्ती पकडू शकते. पण त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. केवळ तूट आढळल्यावरून किंवा ऐकीव माहितीवरून कोणाला पकडून ठेवण्याचा अधिकार यातून मिळत नाही.

कबुलीजबाब मिळवण्यासाठी किंवा माल परत करायला भाग पाडण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२०(१) खाली सात वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. म्हणजे चोरी करणाऱ्या नोकराला आणि त्याला मारहाण करून कबुली घेणाऱ्या मालकाला असलेली कमाल कारावासाची मुदत सारखीच आहे. त्याच उद्देशाने खोलीत डांबून ठेवल्यास कलम १२७(८) खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कर्मचाऱ्याची सक्तीने अंगझडती घेण्याचा अधिकार खासगी मालकाला नाही.

चोरीची रक्कम फिटेपर्यंत बिनपगारी राबवून घेणे हा बेकायदेशीर सक्तीच्या श्रमाचा अपराध (कलम १४६) ठरतो. सालगडी किंवा हंगामी मजुराने आधीच उचल घेतलेली असल्यास आणि चोरीची रक्कम त्या उचलीत मिळवून त्याला बांधून ठेवल्यास, वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होण्याची शक्यता असते.

संशयिताचे नाव बाजारात किंवा व्हॉट्सॲप गटात 'चोर' म्हणून पसरवल्यास बदनामीचा दावा होऊ शकतो. योग्य प्राधिकरणाकडे सद्भावनेने केलेली तक्रार मात्र बदनामीच्या व्याख्येतून वगळलेली आहे. जाणूनबुजून खोटी फिर्याद देणे हा कलम २४८ खालील स्वतंत्र अपराध आहे.

कबुलीजबाब आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा

'चोरी मान्य केली' असे लिहून घेतलेल्या कागदावर अनेक मालक भिस्त ठेवतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २२ नुसार अधिकारपदस्थ व्यक्तीने धमकी, जबरदस्ती, प्रलोभन किंवा आश्वासन देऊन मिळवलेला कबुलीजबाब फौजदारी खटल्यात गैरलागू ठरतो, आणि मालकही अशी अधिकारपदस्थ व्यक्ती ठरू शकतो. कोऱ्या मुद्रांकावर घेतलेल्या सहीमुळे तक्रारीची विश्वासार्हता उलट कमी होते.

सीसीटीव्ही चित्रणाची प्रत पुरावा म्हणून सादर करताना कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा पहिला भाग उपकरण हाताळणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. पूर्वीच्या कायद्यातील अशा प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना येथील निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन खोतकर प्रकरणात अधोरेखित केली होती.

अंतर्गत चौकशी आणि बडतर्फी

फौजदारी खटला आणि नोकरीविषयक चौकशी या स्वतंत्र प्रक्रिया आहेत. खटल्यात अपराध वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. अंतर्गत चौकशीत शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, हे पाहिले जाते. तरीही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळावी लागतात: आरोप तारीख, माल आणि रकमेसह लेखी कळवणे, उत्तरासाठी पुरेसा वेळ देणे, पुरावे पाहू देणे, साक्षीदारांची उलटतपासणी करू देणे आणि कारणांसह निर्णय देणे. ज्याचे नुकसान झाले त्यानेच निवाडा करू नये, या तत्त्वानुसार लहान व्यवसायातही चौकशीसाठी बाहेरील वकील किंवा तटस्थ व्यक्ती नेमता येते.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबतचा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा १९७१ चा अधिनियम येथे महत्त्वाचा आहे. खोट्या वा रचलेल्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गुंतवून कामगाराला काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय डावलणे किंवा अवाजवी घाई करणे, तसेच किरकोळ गैरवर्तनासाठी पूर्वीची सेवा विचारात न घेता बडतर्फ करणे, या सर्वांचा समावेश त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथांमध्ये केला आहे. कामगाराला घटनेपासून ९० दिवसांत तक्रार करता येते. दुसऱ्या बाजूस, अपहार सिद्ध झाल्यावर रक्कम लहान होती एवढ्यावरून कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश योग्य ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने बस वाहकांच्या प्रकरणांत घेतली आहे.

वेतन, उपदान आणि वसुली

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार, कर्मचाऱ्याकडे स्पष्टपणे सोपवलेल्या मालाचे किंवा हिशेब देणे बंधनकारक असलेल्या रकमेचे नुकसान त्याच्याच हलगर्जीमुळे वा कसुरीमुळे झाले असेल, तरच ते वेतनातून कापता येते. त्याआधी त्याला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तूट सर्व नोकरांच्या पगारांतून सारखी वाटून वसूल करण्याची पद्धत या अटींत बसत नाही. कामावरून काढल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते.

सेवेदरम्यान केलेल्या नैतिक अधःपतनाच्या कृत्यामुळे नोकरी गेल्यास उपदान जप्त करता येते. वेस्टर्न कोलफिल्ड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये यासाठी फौजदारी न्यायालयातील दोषसिद्धी आवश्यक नसल्याचे ठरवले. त्याच निकालात, प्रवासभाड्याच्या अपहाराबद्दल बडतर्फ झालेल्या राज्य परिवहन महामंडळाच्या वाहकांचे उपदान २५ टक्क्यांपर्यंतच जप्त करण्यास मान्यता देण्यात आली.

संशय आणि सामाजिक पूर्वग्रह

वस्तू हरवल्यावर संशय प्रथम सर्वांत नव्या, सर्वांत गरीब किंवा बदनाम ठरवलेल्या समाजातील कामगाराकडे वळतो. वसाहतकालीन १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने अनेक समाजांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी यवतमाळसह विदर्भात वस्ती असलेल्या पारधी समाजाला आणि अन्य विमुक्त जमातींना त्या शिक्क्याचे परिणाम पुढेही भोगावे लागले. अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीविरुद्ध खोटी, द्वेषमूलक कार्यवाही करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे.

लहान गावात चोरीचा आळ एकदा आल्यावर त्या बाजारपेठेत दुसरे काम मिळणे कठीण होते. आरोप नंतर खोटा ठरला तरी गेलेला रोजगार सहज परत मिळत नाही. मालकाच्या बाजूनेही चूक महाग पडते: निर्दोष माणूस काढला जातो, प्रत्यक्ष गळती चालूच राहते आणि उरलेले कर्मचारी माहिती देण्यास कचरतात.

प्रतिबंध

प्रतिबंधक उपायांमध्ये रोकड व नोंद ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे देणे, दररोज गल्ला जुळवणे, प्रत्येक विक्रीचे बिल देणे, ठरावीक काळाने जबाबदाऱ्या बदलणे आणि अचानक साठामोजणी करणे यांचा समावेश होतो. दोनच माणसे असलेल्या दुकानात कामांची विभागणी शक्य नसते. तेथे मालकाने बँकेचा उतारा व बिलपुस्तक स्वतः ताडून पाहणे हा पर्याय उरतो. कापूस व धान्याच्या व्यवहारात आवकेच्या वेळी वजनासोबत ओलावा नोंदवणे आणि काट्याची नियमित पडताळणी करून घेणे उपयुक्त ठरते. कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी विमा कंपन्यांकडे फिडेलिटी गॅरंटी विमा उपलब्ध असतो.

लेखी नेमणूकपत्र, वेळेवर वेतन आणि मालकाच्या कुटुंबीयांनाही लागू असलेला नोंदीचा नियम हेही प्रतिबंधाचेच भाग मानले जातात. अशा नोंदींमुळे चोरी उघड होते, तसेच चोरी न केलेल्या कर्मचाऱ्याला आपले निर्दोषत्व दाखवता येते.

हे सुद्धा पहा

भारतीय न्याय संहिता
प्रथम माहिती अहवाल
नैसर्गिक न्याय
वेठबिगार
विमुक्त जमाती
यवतमाळ जिल्हा